घाटाखालचा दर्या

बाळांनो, मुंबईच्या बंदराची गोष्ट सांगायची तर ती मुंबईपासून सुरू करून चालत नाही. ती आपल्या मावळातूनच सुरू करावी लागते. कुरवंड्याच्या माळावरून नागफणीच्या टोकाला गेलात की पायाखालची जमीन एकदम संपते. सरळ तुटलेला कडा, आणि खाली दूरवर पसरलेलं कोकण. त्या टोकापासून मुंबई बंदराचं पाणी सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही लांब नाही. मधे फक्त खाडीकाठची गावं, भातखाचरं आणि काही टेकड्या.

आता असं समजा, की आषाढातल्या एका सकाळी कुरवंड्याला पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक पडला पूर्वेच्या उतारावर. तो इंद्रायणीत गेला, कारण इंद्रायणी उगम पावते ती इथेच, कुरवंड्याजवळ. तो देहूवरून गेला, आळंदीवरून गेला, तुळापूरला भीमेत मिसळला, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहिला, पुढे कृष्णेत शिरला आणि हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचला. दुसरा थेंब पडला हातभर पश्चिमेला. तो कड्यावरून थेट खाली चावणीकडे उतरला. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलब खानाला जिथे कोंडला, ती उंबरखिंड तिथलीच. तिथे त्याला अंबा नदी भेटली. पाली, नागोठणे करत तो धरमतरच्या खाडीत उतरला आणि तिथून मुंबईच्या बंदरात. पहिल्या थेंबाला समुद्र गाठायला अख्खा देश ओलांडावा लागला आणि दुसरा मात्र घाटाखालीच दर्याला मिळाला.

“आजोबा, म्हणजे समुद्र आपल्या इतक्या जवळ आहे?” असं तुम्ही विचाराल. जवळ तर आहेच. शिवाय आपला घाट आणि ते बंदर एकाच घटनेतून जन्माला आले आहेत. घाट नसता तर बंदर असं झालं नसतं आणि बंदर नसतं तर आपल्या मावळात कार्ल्याची लेणी झाली नसती. तीच गोष्ट आज सांगतो.

आगीचे थर

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे सह्याद्री नव्हता. सपाट जमीन होती, आणि तिला लांबच लांब भेगा पडून आतला तापलेला रस बाहेर येत होता. उंच शंकूसारखे ज्वालामुखी तुम्ही चित्रात पाहता, तसं इथे नव्हतं. भेगेतून लाव्हा यायचा, मैलोन् मैल पसरायचा, थंड व्हायचा. काही काळ शांतता. मग पुन्हा नवा लाव्हा जुन्यावर पसरायचा. आजी तव्यावरून उतरवलेली एकेक भाकरी दुसरीवर ठेवते आणि चवड उंच होत जाते, तसा आपला महाराष्ट्र थरांवर थर चढून उंच झाला. काही ठिकाणी ही चवड दोन किलोमीटरांहून जाड आहे. तुम्ही ज्याला काळा कातळ म्हणता तो बेसाल्ट म्हणजे हाच थिजलेला लाव्हा.

आणि एक अभिमानाची गोष्ट ऐका. या थरांचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी त्यांना जी नावं दिली, ती आपल्याच गावांची आहेत. नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा! थरांच्या एका मोठ्या संचाचं नाव तर ‘लोणावळा उपगट’ आहे. जगात कुठेही दख्खनच्या लाव्ह्यावर शास्त्रज्ञ बोलायला बसले, की आपल्या गावाचं नाव निघतं.

दोन लाव्ह्यांच्या मधे जो शांततेचा काळ असायचा, त्यात तळी साचायची, झाडं उगवायची, प्राणी यायचे. मुंबईत वरळीला अशा एका जुन्या तळ्याचा गाळ दगड होऊन सापडला, आणि त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे! १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्या बेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. विचार करा, पोरांनो. खाली थिजलेला लाव्हा, वर पुन्हा येऊ घातलेला लाव्हा, आणि मधल्या उसंतीत एका गोड्या पाण्याच्या तळ्यात बेडूक नांदत होते.

जमीन तुटली, घाट उभा राहिला

मग एक फार मोठी गोष्ट घडली. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी आपल्या भूमीचा पश्चिमेकडचा भाग तुटून अलग झाला. आज तो तुकडा तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर आहे. हिंदी महासागरातली सेशेल्स बेटं म्हणजे त्याचेच अवशेष. जिथे जमीन ताणली गेली, तुटली, तिथे पाणी शिरलं आणि अरबी समुद्राचा हा किनारा तयार झाला.

त्या ताणाची खूण अजून दिसते. रेल्वेने खंडाळ्याचा घाट उतरताना खिडकीतून कड्यांकडे नीट पाहा. दगडाचे थर आडवे, जवळजवळ सपाट आहेत. पण पनवेलच्या बाजूला गेलात की तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झुकलेले दिसतात. मुंबईच्या टेकड्यांमध्ये तर ते चांगलेच कललेले आहेत. किनारा तुटताना जमिनीची कडच वाकली, म्हणून असं झालं.

“मग घाट समुद्राला लागून का नाही? पन्नास किलोमीटर आत कसा?” हा प्रश्न चांगला आहे. बहुतेक भूवैज्ञानिक सांगतात, की कडा पूर्वी किनाऱ्याच्या बराच जवळ होता. पण पश्चिमेकडून येणारे मोसमी वारे कड्याला अडतात, वर चढतात, गार होतात आणि पाऊस टाकतात. मुंबईला वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस, लोणावळ्याला ४,००० मिलिमीटरांच्या वर, आणि पुण्यात जेमतेम ७०० मिलिमीटर. हे सगळं पाणी कड्याच्या तोंडाशी आदळतं. कोट्यवधी वर्षं ओढ्यांनी कडा थोडा थोडा खाल्ला आणि तो पूर्वेकडे सरकत राहिला. त्याने मागे सोडलेली सखल पट्टी म्हणजे कोकण. आज पावसाळ्यात घाटात दरड कोसळते ना, ती याच फार जुन्या कामाची पुढची पायरी.

कड्यावरून उतरणाऱ्या नद्यांनी कोकणात दऱ्या कोरल्या. उल्हास निघाली राजमाचीच्या डोंगरातून आणि कर्जत, बदलापूर, कल्याण करत उत्तरेला वळली. पाताळगंगा निघाली खोपोलीच्या बाजूने. अंबा आली आपल्या नागफणीखालून. किनाऱ्याशी, कललेल्या थरांतला कठीण दगड उत्तर-दक्षिण रांगांनी उभा राहिला आणि मऊ दगड झिजून मधे सखल भाग झाला. बंदराची जागा अशी तयार झाली. पण तिच्यात अजून समुद्र नव्हता.

समुद्र आत आला

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुग ऐन भरात होतं. उत्तरेकडे प्रचंड जाडीचे बर्फाचे थर जमिनीवर साचले होते. ते पाणी आलं कुठून? समुद्रातून. त्यामुळे जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. आता गंमत पाहा. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरांवर ‘बॉम्बे हाय’ आहे, जिथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम-मंचाने समुद्रतळ खोदून तेल शोधलं. तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. म्हणजे हिमयुगात तिथे समुद्र नव्हताच, कोरडी जमीन होती. मुंबईच्या टेकड्या तेव्हा किनाऱ्यापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर, रानात उभ्या होत्या. आजचं घारापुरी बेटही तेव्हा एक डोंगरच होतं, आणि त्याच्या पायथ्याच्या दरीतून आपल्या मावळाच्या कड्यावरचं पाणी वाहत होतं.

मग बर्फ वितळू लागला. समुद्र चढत गेला, दऱ्यांमध्ये शिरत गेला. साधारण ७,००० वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या आसपास येऊन स्थिरावला. दऱ्या बुडाल्या, त्यांच्या खाड्या झाल्या. टेकड्यांची टोकं पाण्यावर राहिली, त्यांची बेटं झाली. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात, आणि त्यांच्या पूर्वेला घारापुरी.

हे नुसतं अनुमान नाही. १८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदत होते. ओहोटीच्या पाण्याच्याही खाली, चिखलात, कामगारांना झाडं सापडली. एखाद-दुसरं नव्हे, साडेतीनशेहून जास्त! कितीतरी बुंधे मुळं रोवून उभे होते, जिथे वाढले तिथेच. झाडं कसली, तर खैराची. खैर हे डोंगरउतारावरचं, कोरड्या जमिनीतलं झाड. खाऱ्या पाण्यात तो कधी वाढत नाही. म्हणजे आज जिथे बोटी नांगर टाकतात, तिथे कधीकाळी खैराचं रान होतं. दरीत समुद्र शिरल्याचा याहून बोलका पुरावा कोणता?

भरतीवर स्वार होणारी माणसं

आता हा जलाशय कसा आहे ते डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला मुंबईची बेटं, पूर्वेला रायगड जिल्ह्याची जमीन, तोंड दक्षिणेकडे. उत्तरेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पनवेलची खाडी, आग्नेयेला धरमतर. आतलं पाणी सुमारे ४०० चौरस किलोमीटर. जुलैत मोसमी वारा खवळतो तेव्हा लाटा वरळीच्या आणि मलबार हिलच्या खडकांवर फुटतात, आणि बेटांच्या आडोशाला आतलं पाणी त्या मानाने शांत राहतं. जहाजाला आणखी काय हवं?

आणि या पाण्याला श्वास आहे. दर साडेबारा तासांनी भरती येते आणि ओसरते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि मोठं उधाण येतं. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांपर्यंत जातो. अष्टमीच्या आसपास ही ओढ विभागली जाते, त्या मवाळ भरतीला कोळी भांग म्हणतात. जुन्या काळच्या खलाशांनी भरतीचं हे गणित पुरतं ओळखलं होतं. भरती लागली की गलबत खाडीत घालायचं. पाणीच ते आत नेतं, उल्हासच्या पात्रातून थेट कल्याणपर्यंत. माल उतरवायचा, नवा भरायचा आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचं.

म्हणून कल्याण, ठाणे, घारापुरी, आणि थोडं उत्तरेला सोपारा ही मोठी बंदरं झाली. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकलला, आणि तिथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही या किनाऱ्यावर मोठं नगर नांदत होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. तो लिहितो, की पूर्वी कल्याणला व्यापार रीतसर चाले, पण आता तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना अडवून पहाऱ्यात भडोचला नेतात. ज्याच्या हाती बंदर त्याच्या हाती जकात, म्हणून सातवाहन आणि क्षत्रप या राजघराण्यांत या किनाऱ्यासाठी झुंज चालली होती. ती जहाजं येत कशी? जुलैत इजिप्तहून निघायची आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर शिडं फुगवून पावसाळा सरता सरता इथे पोहोचायची. हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत. लोणावळ्याला पाऊस पाडणारा वाराच त्या व्यापाऱ्यांना बंदरात आणत होता.

बंदरातला पैसा मावळात

पण बोटीतून उतरलेला माल कल्याणला ठेवून काय उपयोग? मोठी शहरं होती देशावर, पैठण आणि तेरला. त्यासाठी घाट चढणं भाग. एक वाट नाणेघाटाची. दुसरी आपल्या बोरघाटाची. बैलांचे तांडे उल्हासच्या काठाने यायचे आणि घाट चढून मावळात शिरायचे.

या वाटेवरची लेणी पाहा. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जतच्या बाजूला कोंडाणे. घाट चढून आलं की भाजे, कार्ले आणि पवन मावळात बेडसे. ती रानात अशीच कुठेतरी खोदलेली नाहीत. ज्या वाटेने माल जायचा, त्याच वाटेवर ती आहेत. भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहावं लागे, आणि व्यापाऱ्यांना वाटेत विसावा हवा असे. पुण्य लाभेल म्हणून व्यापारी दान देत आणि त्या दानातून लेणी उभी राहत.

कार्ल्याचं चैत्यगृह देशातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. कमानीवरच्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षं जागच्या जागी आहेत. तिथले ब्राह्मी लेख वाचले की कोण कोण या वाटेवर होतं ते कळतं. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल हे लेणं जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं सांगतो. धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त, त्याच गावचे सुतार आणि यवन, म्हणजे परदेशाशी नातं सांगणारे दाते. आणि एक खांब आहे सोपाऱ्याहून आलेल्या एका माणसाच्या दानाचा. समुद्राकाठच्या त्या माणसाने आपल्या मावळातल्या डोंगरात खांब दिला, आणि तो खांब आजही उभा आहे.

त्याच कार्ल्याच्या लेण्याच्या दारात आई एकवीरेचं मंदिर आहे. चैत्रात तिथे कोण येतं, ते तुम्ही दरवर्षी पाहता. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी आणि आगरी, पालख्या घेऊन, नाचत गाजत. ज्यांचं घरदार खाडीवर आणि भाकरी दर्यातून, त्यांची कुलदेवता आपल्या मावळच्या डोंगरावर. व्यापाऱ्यांचे तांडे गेले, राजे गेले, पण खाडीवरून घाटावर येणारी माणसं थांबली नाहीत.

सहाव्या शतकात त्याच बंदराच्या मध्यावर, घारापुरीच्या डोंगरात शिवाचं लेणं कोरलं गेलं. तिथली साडेपाच मीटर उंच महेशमूर्ती ज्या कातळात आहे, तो आपल्याच लाव्ह्याचा भाऊबंद. बेटावर रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरंही मिळाली आहेत. पुढे शिलाहार राजांनी या खाड्यांवर राज्य केलं. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या जहाजांची लढाई कोरलेली आहे, ती जरूर पाहा. १५३४ मध्ये मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली, नंतर इंग्रजांकडे, आणि बेटांमधल्या खाड्या बुजवून आजची मुंबई झाली.

उलटा फिरवलेला थेंब

सुरुवातीला जे दोन थेंब सांगितले, त्यांतला पूर्वेकडे जाणारा थेंब माणसाने शंभर वर्षांपूर्वी पश्चिमेला वळवला. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे धरणं बांधली. १९११ मध्ये वळवणची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. इंद्रायणीच्या वाटेने पंढरपूरला गेलं असतं, ते पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरांहून जास्त खाली कोसळू लागलं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज देऊन ते पाणी पाताळगंगेत जातं, तिथून धरमतरच्या खाडीत आणि पुढे बंदरात. पाताळगंगा भर उन्हाळ्यात वाहते, ती या पाण्यामुळे.

म्हणून पोरांनो, मावळात राहतो म्हणजे आपला समुद्राशी संबंध नाही, असं कधी म्हणू नका. बंदराच्या काठावर जे तिवरांचं रान आहे, ते उभं आहे नद्यांनी आणलेल्या गाळावर. तिवरांच्या मुळांत मासे आणि खेकडे वाढतात, ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. २०२२ मध्ये ती खाडी जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदली गेली. पण गाळालाही प्रमाण हवं. सोपाऱ्याचं बंदर गाळाने भरलं आणि संपलं. आपण इथे डोंगर उघडा केला, बंगल्यांसाठी उतार खणला, तर सुटलेली माती पहिल्या पावसात खाली जाते. धबधब्याखाली कुणी प्लास्टिकची पिशवी टाकली तर तीही त्याच वाटेने जाते, आणि शेवटी अडकते ती एखाद्या कोळ्याच्या जाळ्यात. तोच कोळी चैत्रात आपल्याकडे एकवीरेला येणार असतो.

घाट बांधायला सहा कोटी वर्षं लागली, दऱ्यांत समुद्र भरायला हजारो वर्षं लागली. आपल्या वाट्याला त्यातली काही वर्षंच येतात. तेवढ्यात आपल्या कड्यावरून खाली जाणारं पाणी निवळ ठेवणं हे आपलं काम, कारण त्या पाण्याचं पहिलं गाव आपण आहोत.